जामखेडच्या वाटेवरचा ताळेबंद

अहिल्यानगर सोडून जामखेडचा रस्ता धरला की चिचोंडी पाटीलपासूनच भूमीचा रंग बदलू लागतो. उसाचे हिरवे पट्टे विरळ होत जातात, बाभळी आणि बोरी वाढतात, आणि विहिरींवरील मोटारींची घरघर कानाआड होते. पुढे कडा, मग आष्टी. हा मधला बराचसा रस्ता बीड जिल्ह्यातून जातो आणि जामखेड जवळ येता येता पुन्हा नगर जिल्ह्यात शिरतो. एकूण अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटरचे. सप्टेंबर २०२२ पासून नगर ते आष्टी रेल्वेही धावू लागली. परंतु या भागाचा खरा प्रवास अजून एस. टी. आणि जीपनेच होतो.

कडा आणि आष्टी ही नावे या अंकाच्या वाचकांना परकी नाहीत. अनेकांची सोयरीक या पट्ट्यात आहे. कापड, किराणा आणि धान्य यांच्या कितीतरी पेढ्या इथल्या बाजारपेठांत दोन-तीन पिढ्या उभ्या आहेत. पाऊस चांगला झाला की उधारी वसूल होते आणि पाऊस हुकला की वही बंद करून बसावे लागते, हे इथल्या व्यापाऱ्याला हवामान खात्याआधी कळते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. दसरा उलटला की गावांतील कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. चुली, शेळ्या, तान्ही मुले, सारा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो, आणि उन्हाळा लागेपर्यंत अर्धे गाव म्हाताऱ्यांच्या हवाली असते. ज्या गावाची निम्मी माणसे वर्षातील पाच-सहा महिने गावात नसतात, त्या गावात आरोग्यसेवा चालवायची म्हणजे काय, याचा विचार एखादी इमारत उभी करण्यापूर्वी करायला हवा.

जामखेड हे विंचरणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. वरवर पाहता ते मराठवाड्याच्या सीमेवरील कोणत्याही बाजारगावासारखेच आहे. आठवडे बाजार, जनावरांची गर्दी, बी-बियाण्यांची दुकाने, चहाच्या टपऱ्या. परंतु सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी जगाच्या कानाकोपऱ्यांतून इथे येतात आणि आल्यावर मातीच्या घरात ओसरीवर बसून एखाद्या नऊवारीतील आजीबाईंकडून धडे घेतात. याचे कारण १९७० सालात आहे.

त्या वर्षी डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले होते. त्यापूर्वी त्यांनी याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले होते. रुग्णालय नावाजलेले, खाटा भरलेल्या, शस्त्रक्रिया उत्तम; तरीही तोच रुग्ण पुन्हा येतो, त्याचे दुसरे मूल त्याच हगवणीने दगावते, असा अनुभव त्यांना वारंवार आला. दारात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे होते. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले, ते ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ नावाची कल्पना घेऊनच. गावाने बोलावले तरच जायचे, असा त्यांचा आग्रह होता. जामखेडच्या पुढाऱ्यांनी आणि पेठेतील प्रतिष्ठित मंडळींनी त्यांना बोलावले आणि जागा दिली. ती जागा म्हणजे गुरांचा एक पडीक दवाखाना होता! जगाने पुढे ज्याचे अनुकरण केले, त्या कामाचे पहिले छप्पर हे असे होते.

सुरुवातीची योजना मात्र पुस्तकी होती आणि ती फसली. शिकलेल्या परिचारिका गावोगावी ठेवायच्या, असे ठरले होते. शहरात वाढलेली तरुण मुलगी एकटी गावात राहीना. राहिली तरी गावातील बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. तेव्हा एका सरपंचानेच सुचवले की, गावातलीच बाई का शिकवत नाही? या एका सूचनेने सगळा हिशेबच बदलला. गावाने बाई निवडायची, ती प्रौढ असावी, मुलाबाळांची असावी, अक्षरओळख नसली तरी चालेल. निवडल्या गेलेल्या स्त्रियांत दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, सगळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, आणि शिकलेले घेऊन गावी परत जात. १९७०च्या दशकातील जामखेड तालुक्यात एकत्र जेवणे हीच औषधाहून अवघड गोष्ट होती.

त्यांनी शिकायचे ते फार मोठे शास्त्र नव्हते. मुलाचे वजन करणे, दंडाचा घेर मोजणे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, गरोदर बाईची नोंद ठेवणे, बाळंतपणात स्वच्छ हात, स्वच्छ पाते आणि स्वच्छ दोरा वापरणे, अंगावरील बधिर चट्टा ओळखून कुष्ठरोगाचा संशय घेणे, क्षयाच्या रुग्णाने गोळ्या मध्येच सोडू नयेत म्हणून त्याच्या घरी रोज डोकावणे. यातील एकाही गोष्टीला यंत्र लागत नाही. ती रोज, न चुकता, ओळखीच्या माणसाने करावी लागते, एवढेच.

पाण्याची कथाही सांगण्याजोगी आहे. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास प्रकल्पाने विंधनविहिरी घेण्यास मदत केली. दलित वस्तीत पाणी नाही आणि सवर्णांच्या विहिरीवर पाऊल ठेवता येत नाही, अशी तेव्हाची स्थिती. डॉ. आरोळे यांनी हातपंपाच्या जागा शक्यतो दलित वस्तीत निघतील, असे पाहिले. दुष्काळात तहान जातीपेक्षा मोठी ठरली आणि सारे गाव त्याच पंपावर हंडा घेऊन येऊ लागले. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी तर व्हॉलीबॉलची जाळी बांधली गेली. खेळानंतरच्या गप्पांतून शेतकरी मंडळे उभी राहिली, मंडळांतून बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड झाली. आरोग्याच्या खात्यावर व्हॉलीबॉलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, असा प्रश्न एखाद्या लेखापरीक्षकाला पडला असता. पण त्या चेंडूइतका परतावा फार थोड्या खर्चांनी दिला असेल.

परतावा आकड्यांतही दिसतो. १९७१ साली या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत होती. पाच-सहा वर्षांतच हे प्रमाण निम्म्याहून बरेच खाली आले आणि पुढेही उतरत राहिले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या आरोग्यसेवेवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला, त्याच्या पार्श्वभूमीवर असलेल्या मोजक्या प्रयोगांपैकी हा एक. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या आणि डॉ. रजनीकांत २०११ साली. काम चालू आहे.

जामखेडला जाणारा प्रवासी रुग्णालय पाहतो, प्रशिक्षण केंद्र पाहतो, स्थानिक कारागीर जिथे जयपूर पायासारखे कृत्रिम अवयव बनवतात ती कार्यशाळा पाहतो आणि प्रभावित होऊन परततो. व्यापारी माणसाने तिथे आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे पैसा आला कुठून आणि गेला कुठे. आरंभी परदेशी चर्च-संस्थांचे साहाय्य होते, हे खरे. परंतु रुग्णांकडून ऐपतीप्रमाणे घेतलेले शुल्क, प्रशिक्षणार्थींचे शुल्क आणि देणग्या असा तिहेरी आधार हळूहळू तयार झाला. गावातील आरोग्यसेविकांना प्रकल्पाने पगारदार नोकर केले नाही. त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून छोट्या धंद्यांना कर्ज मिळवून देण्यात आले. कोणी शेळ्या घेतल्या, कोणी बांगड्यांचा हारा घेतला, कोणी किराणा मांडला. महिला मंडळांची बँकेत खाती उघडली गेली. बचत गट हा शब्द सरकारी परिपत्रकांत रूढ होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा अंगठा उठवताना ज्या बाईचा हात थरथरतो, तीच बाई दोन वर्षांनी व्यवस्थापकाला व्याजदर विचारते, हे ग्रामीण शाखेत नोकरी केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

जामखेड तालुक्यातच चौंडी हे गाव आहे. इथे १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. जिल्ह्याला आता त्यांचेच नाव आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी बांधलेल्या घाटांची, विहिरींची आणि धर्मशाळांची यादी शाळेतील मुलालाही पाठ असते. हिशेबाच्या माणसाला त्यातील वेगळी गोष्ट मोलाची वाटावी. होळकरांच्या राज्यात दौलतीचे खाते निराळे आणि खासगीचे निराळे होते, आणि देवीचा धर्मादाय खासगीतून होत असे. शिवाय वास्तू बांधून हात झटकले जात नसत. पुजारी, पाणके, अन्नछत्र, दुरुस्ती यांसाठी वार्षिक नेमणूक करून दिली जाई. म्हणूनच त्यांतील कितीतरी कामे दोनशे वर्षांनंतरही चालती राहिली. सार्वजनिक कामाच्या वहीत ‘नेमणूक’ हा रकाना आज जवळजवळ पुसला गेला आहे.

ग्रामीण आरोग्यासाठी दान देणारी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत, आणि औषधदान हा शब्द या अंकाच्या वाचकांना कोणी शिकवायला नको. परंतु दान बहुधा कशाला मिळते? वॉर्डला, रुग्णवाहिकेला, डायलिसिस यंत्राला, प्रवेशद्वारावरील कमानीला. यात वावगे काही नाही. वडिलांचे नाव दगडावर कोरले जावे, ही भावना स्वाभाविक आहे. अडचण दुसऱ्या वर्षी सुरू होते. रुग्णवाहिका असते आणि डिझेल नसते. यंत्र असते, ते चालवणारा तंत्रज्ञ पगार कमी म्हणून शहरात निघून गेलेला असतो. देखभालीचा वार्षिक करार नूतन करायला पैसे नसतात. जामखेडसारख्या कामात खर्चाचा मोठा भाग हा असाच असतो: प्रवासभाडे, भाकरी, प्रशिक्षण, औषधांची पेटी पुन्हा भरणे, नोंदवह्या. यांच्यावर पाटी लागत नाही, म्हणून देणगीदारही लागत नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने यावर एक देशी उपाय काढला होता. सुगीच्या दिवसांत गावातील कुटुंबांनी ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी, जमीन असलेल्याने एकराच्या मानाने अधिक, आणि त्या बदल्यात वर्षभर गावात औषध व रुग्णालयात सवलत. विम्याचा हप्ता रोख नसून धान्यात! ज्याच्या हाती खळे झाल्यावरच काही येते, त्याच्याकडून दरमहा रोख मागण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे. अडत व्यापाऱ्याला हा हिशेब चटकन उमगेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कसे उतरवता येतात, हे संशोधनाने सिद्ध केले. त्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथेही मुख्य खर्च माणसांवरचा होता.

आता या कामांकडे पैसा कोणत्या वाटांनी येतो, हे पाहू. परदेशी देणग्यांची वाट २०२० च्या कायदा दुरुस्तीनंतर अरुंद झाली आहे. अशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते, एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून वाटा घेऊन चालणाऱ्या लहान ग्रामीण संस्थांना याचा फटका बसणे अपरिहार्य होते. ही पोकळी भरायची तर ती देशातील, किंबहुना जवळच्या पेठांतील पैशानेच भरेल.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सी. एस. आर.चा, गाजावाजा बराच आहे. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते, आणि आरोग्य हा मान्य विषयांपैकी एक आहे. आपल्याकडील भागीदारी पेढ्यांना हे कलम लागू नाही. घरातील एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नफ्याची मर्यादा ओलांडत असेल तर मात्र लागू आहे, हे विसरू नये. निधी स्वीकारणाऱ्या संस्थेकडे सी. एस. आर.-१ नोंदणी हवी. हा पैसा संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही, आणि बहुवर्षीय प्रकल्पालाही पहिले वर्ष वगळून तीन वर्षांचीच मुदत मिळते. म्हणजे नेमणूक करून देण्याचे काम या मार्गाने होत नाही. ते खासगीतूनच व्हावे लागते.

खासगी देणगीसाठी करसवलतीचा मुद्दा निघतोच. व्यवहारात ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत सर्वसाधारण धर्मादाय संस्थेस दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर, आणि उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेतच मिळते. २,००० रुपयांहून अधिक रोख दिली तर ती मिळत नाही. वैयक्तिक करदात्याने नवी करप्रणाली स्वीकारली असेल तरीही ती मिळत नाही. नवी प्रणाली भागीदारी पेढीसाठी नाही, त्यामुळे पेढीच्या नावे दिलेल्या देणगीस सवलतीचा मार्ग मोकळा राहतो. देणगी घराच्या खात्यातून द्यायची की पेढीच्या, याचा विचार सनदी लेखापालाशी बोलून आधीच करावा. सवलत नाही म्हणून देणगीच देऊ नये, असे म्हणणारी माणसे भेटतात. त्यांनी दिवाळीच्या भेटवस्तूंवर कोणती सवलत घेतली, असे विचारावेसे वाटते.

सोशल स्टॉक एक्स्चेंज ही नवी वाट आहे. नोंदणीकृत संस्था तिथे रोखे काढते आणि गुंतवणूकदारास व्याजही मिळत नाही, मुद्दलही मिळत नाही. बँकेच्या परिभाषेत हे पहिल्याच दिवशी बुडीत खाते! परंतु संस्थेला कामाचा ठरलेला अहवाल जाहीर द्यावा लागतो, हे त्याचे मोल. किमान रक्कम आता १,००० रुपयांवर आणली गेली आहे.

सरकारी पैसाही आहे आणि तो दिसतो त्याहून जवळ आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच पाच लाखांपर्यंत गेले आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येते, हगवणीच्या मुलाला वेळेवर पाणी पाजण्यासाठी नव्हे. त्या कामासाठी २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने प्रत्येक गावात आशा सेविका नेमल्या, ज्यांच्या कल्पनेमागे जामखेडचाही वाटा आहे, आणि गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी ठेवला. रक्कम लहान आहे. पण गावातील किती प्रतिष्ठितांना या समितीचे सदस्य कोण, खाते कोणत्या बँकेत, गेल्या वर्षी खर्च काय झाला, हे सांगता येईल?

कायम निधीचे गणित कागदावर मांडून पाहावे. १० लाख रुपये दिले आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला ७०,००० येतात. महागाईसाठी त्यातील दोन टक्के, म्हणजे २०,००० रुपये मुद्दलात परत टाकले, तरी ५०,००० हाती राहतात. महिन्याला चार हजारांहून थोडे अधिक. शहरातील विवाहात मंडपाच्या फुलांचा खर्च कधी कधी याहून मोठा असतो. एवढ्या रकमेतून एका गावच्या आरोग्यसेविकेचा प्रवास, तिची औषधांची पेटी आणि प्रशिक्षणाच्या दिवसांची बुडालेली मजुरी दरवर्षी, दात्याच्या पश्चातही, निघत राहू शकते. संस्थेकडून लेखी घ्यावे की ही रक्कम कायम निधीत जाईल आणि व्याज याच कामास लागेल. मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागावेत. चांगली संस्था अशा मागणीने रागावत नाही.

पैशाखेरीज पेठेकडे देण्याजोगे आणखी एक आहे, ते म्हणजे खरेदीची जाण. ग्रामीण दवाखाने औषधे किरकोळ भावाने घेतात आणि तिथेच निधी आटतो. बडोद्याची ‘लोकॉस्ट’ ही संस्था १९८३ पासून धर्मादाय दवाखान्यांसाठी जेनेरिक औषधे अल्प दरात पुरवते. तीन-चार दवाखान्यांची वर्षाची मागणी एकत्र करणे, भाव मागवणे, माल तपासणे, मुदत संपण्याच्या तारखांची वही ठेवणे, हे काम डॉक्टरांना जमत नाही आणि त्यांना ते करायला वेळही नसतो. गल्ल्यावर चाळीस वर्षे बसून निवृत्त झालेला गृहस्थ ते आठवड्यातील एका दुपारी करू शकतो.

पावसाळा संपताना या बाजूस जाणाऱ्यांनी सौताड्याचा धबधबा पाहावा. जामखेडहून तो जवळच, बीडच्या रस्त्यावर आहे. खर्ड्याचा किल्लाही याच तालुक्यात, जिथे १७९५ साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. प्रकल्प पाहायचा असेल तर आधी कळवून जावे, आणि रुग्णालय पाहून झाल्यावर एखाद्या गावी जाऊन तिथल्या आरोग्यसेविकेशी अर्धा तास बोलण्याची परवानगी मागावी. तिची नोंदवही पाहण्यास मिळाली तर गावातील गरोदर स्त्रियांचे पान उघडावे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या नावापुढे ती कोणती खूण करते आणि त्या परत आल्या की प्रथम कुणाच्या घरी जाते, हे तिलाच विचारावे.